अक्रोडाची मूठ

पूल संपला, रेल्वेचं फाटक मागे पडलं, तरी धाकटीचं तोंड काही थांबलं नव्हतं. पुलाची दुरुस्ती चालू असल्यामुळे बसनं त्यांना अलीकडेच उतरवलं होतं, आणि बंदुकांच्या दुकानापर्यंत अजून अर्ध्या तासाची पायपीट होती. थोरली मुद्दाम दोन पावलं पुढे चालत होती. बरोबरीनं चाललं की चेहरा दिसतो, आणि आज तिला आपला चेहरा कुणाला दाखवायचा नव्हता.

"ताई, जरा हळू. दुकान काय पळून जाणार आहे का?"

"एक वाजता बंद होतं."

"मग पायरीवर बसू दोघी. दाणे खाऊ आणि परत येऊ. तेवढाच व्यायाम."

थोरली हसली नाही. धाकटी स्वतःच्याच बोलण्यावर हसली. तिचं सगळं असंच असायचं.

दोघी जावा-जावा. घर एकच, वर थोरली, खाली धाकटी. थोरली एकवीस वर्षं कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात कामाला होती. पायाची वाटी, म्हणजे ज्यात मांडी किंवा गुडघा बसतो तो भाग, माणसाच्या अंगाला नीट बसवून देणं हे तिचं काम. माणूस स्टुलावर बसायचा आणि ती म्हणायची, "टोचतंय तिथं बोट ठेवा." त्यानं बोट ठेवलं की ती तिथलं कणभर घासायची, पुन्हा घालायला लावायची, पुन्हा घासायची. माणूस चार पावलं चालून "आता कळतसुद्धा नाही" म्हणाला की तिचं काम झालं. तिच्या हाताचे पंजे रुंद, बोटं लांब आणि टोकाशी खरखरीत.

धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुई टोचायची. तिचे हात इवलेसे, शाळकरी मुलीचे असावेत तसे. घरात हीच बाई दूध उतू घालवायची, छत्र्या हरवायची, कुलूप लावून किल्ली आत ठेवायची. पण हातात सुई आली की तोंड मिटायचं आणि हात दगड व्हायचा. तान्ह्या पोराच्या शिरेतून ती असं रक्त काढायची की पोर रडायचं विसरून तिच्याकडे बघत राहायचं. लॅबमध्ये माणसं तासभर थांबायची, पण म्हणायची, त्या बोलघेवड्या बाईंनाच बोलवा.

सासूबाई जाईपर्यंत म्हणत होत्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे." थोरलीच्या हाताला काय होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. थोरलीची स्वतःची मुलगी हॉस्टेलवरून फोन करायची ती पहिलं विचारायची, "काकू आहे का गं तिथं?" या सगळ्याची थोरलीला सवय झाली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? पण रेंज तिची एकटीची होती. ती गेली, आणि मग मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

रेंज म्हणजे एका जुन्या गोदामात केलेली नेमबाजीची जागा. दहा मीटरवर कागदी लक्ष्य, आणि त्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढं वर्तुळ. त्यात छर्रा गेला तर दहा गुण. तिथले कोच एके काळचे फौजी होते, आणि त्यांचा डावा पाय थोरलीनं बसवलेला होता. सात वर्षांपूर्वी पाय घालून उभे राहताना ते म्हणाले होते, "बाई, इतक्या स्थिर हातात कानस कसली धरता? पिस्तूल धरून बघा." तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, कामावरून सुटल्यावर, थोरली तिथं जायची. जगात एवढा एक तास असा होता की कुणी तिला "ते राहू दे, आधी हे कर" म्हणत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एकदा ती चष्मा घरी विसरली. तो घेऊन धाकटी आली. कोच म्हणाले, "आला आहात तर पाच छर्रे मारून जा." पाचातले तीन बटणात गेले. चौथ्याच्या वेळी तिला शिंक आली होती.

चष्मा विसरले नसते तर, असं थोरलीनं त्यानंतर किती वेळा मनाशी म्हटलं असेल याला हिशेब नाही. साठ छर्ऱ्यांत सहाशेपैकी तिची आजवरची मजल पाचशे एक्कावन्न. धाकटी वर्षभरात पाचशे सहासष्टवर जाऊन बसली, तेही क्लबच्या त्या जुन्या, चाप अडकणाऱ्या पिस्तुलावर. वर येऊन म्हणायची, "ताई, तुम्ही शिकवलंत म्हणून." त्यात खोट नव्हती. खोट असती तर बरं झालं असतं, निदान रागवायला जागा मिळाली असती.

आता क्लबला एका जुन्या सभासदाकडून देणगी आली होती. एक नवं, कारखान्यातून नेमबाजीसाठीच बनून आलेलं पिस्तूल घ्यायचं आणि ज्याचे गुण सगळ्यात जास्त त्याच्या ताब्यात द्यायचं, असं ठरलं. म्हणजे धाकटीच्या. दर तीन महिन्यांनी गुण बघायचे; ती घसरली तर पिस्तूल दुसऱ्या नंबराकडे. दुसरा नंबर थोरली.

"मला त्यातलं काय कळतंय?" धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली होती. "ताई निवडतील ते घेऊ."

म्हणून ही पायपीट.

थोरली रोज संध्याकाळी दिवा लावून घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाला सांगायची, याचं भलं कर, तिचं भलं कर. गेला महिनाभर धाकटीच्या नावाशी आली की तिला खोकला येत होता.

दुकान अरुंद आणि खोल होतं, तेलाच्या वासाचं. काउंटरच्या मागे भिंतभर आरसा. दुकानदारानं क्लबचं पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन पेट्या समोर ठेवल्या.

"दोन्ही हवेच्या दाबावर चालणारी. दोन वेगळे कारखाने. हातात घेऊन बघा, घाई नाही. मला एकला जेवायचंय, तेवढं लक्षात ठेवा."

प्रत्येक पेटीत एक छोटं कार्ड होतं. कारखान्यात पिस्तूल शिकंज्यात आवळून पाच छर्रे मारतात आणि तो कागद पेटीत घालून देतात; हे पिस्तूल किती नेमकं आहे त्याचा तो दाखला. पहिल्या कार्डावर पाच भोकं एकमेकांना चिकटून होती, फुलाच्या पाकळ्यांसारखी. दुसऱ्यावर एकच भोक. पाचही छर्रे एकाच भोकातून गेलेले.

"अगं बाई," धाकटी हळूच म्हणाली. "हे काय, सुईनं टोचलंय की काय?"

क्लबात या कार्डांचं भारी वेड. कुणी नवं पिस्तूल घेतलं की पहिला प्रश्न, कार्ड दाखव. पण थोरलीला एक गोष्ट माहीत होती. कोचनी तिला पहिल्याच वर्षी सांगितली होती, आणि तिचा धंदाच तो होता. शिकंज्याला हात नसतो. माणसाला असतो. पिस्तूल हाताला बसतं का बघायचं तर डोळे मिटायचे, हात वर करायचा, आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली पाहिजे. मनगट वळवून तिला तिथं आणावं लागलं तर ते पिस्तूल तुमचं नाही, कार्ड काहीही म्हणो.

धाकटी पहिलं पिस्तूल हातात घेऊन उलटंसुलटं करत होती. त्याची मूठ लहान, तिच्या पंजात पेरूसारखी बसलेली.

थोरलीनं दुसरं उचललं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, गडद, बारीक खरबरीत. तिनं डोळे मिटले, हात वर केला आणि डोळे उघडले.

माशी खाचेत मधोमध उभी होती. तिनं ती तिथं आणली नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी लाकूड असं भिडलं होतं की जणू कुणी तिच्याच हाताचा साचा घेऊन ते कोरलं होतं. एकवीस वर्षं लोक तिच्यासमोर चार पावलं चालून जे म्हणत आले, ते तिला स्वतःला आज पहिल्यांदा कळलं. आता कळतसुद्धा नाही.

तिनं हात खाली केला. धाकटीच्या हाताकडे तिनं एकदाच बघितलं. ही मूठ त्या हाताला दोन बोटं मोठी होणार. चापापर्यंत बोट पोचवायला ती पंजा वळवणार, आणि वळलेला पंजा प्रत्येक छर्ऱ्याला दगा देणार. हे सांगायला तिला शब्दही लागले नसते. "डोळे मीट बरं" एवढं म्हणून भागलं असतं.

"हेच घे," ती म्हणाली. "कार्ड बघ की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"मोठी नाही ना वाटत मूठ?"

"सवय होते."

दुकानदारानं एकदा धाकटीच्या हाताकडे, एकदा थोरलीच्या तोंडाकडे बघितलं आणि चष्मा नाकावर आणला. एक वाजायला पाच मिनिटं होती. "दुसऱ्या मापाची मूठ मागवली तर सहा महिने लागतात," एवढंच तो म्हणाला आणि पावती फाडली.

परतीच्या वाटेवर पेटी थोरलीनं उचलली. धाकटी म्हणाली, "द्या इकडे, जड आहे." थोरली म्हणाली, "असू दे." घरी जाईपर्यंत तिनं ती दिली नाही.

पहिल्या महिन्यात धाकटीचे पाचशे पन्नास झाले, दुसऱ्यात पाचशे बेचाळीस. छर्रे सगळे डावीकडे जाऊन बसायचे, रुसल्यासारखे. कोच तिच्या उभं राहण्यात चूक शोधत होते, मग श्वासात, मग चष्म्याच्या नंबरात. धाकटी मुकाट्यानं सगळं करून बघत होती. जिन्यात भेटली की अजून हसायची, पण पूर्वी पायरीवर उभी राहून दहा मिनिटं बोलायची, ती आता दोन वाक्यांत आत जायला लागली. खालच्या मजल्यावरचा आवाज कमी झाला, आणि थोरलीच्या लक्षात आलं की आपण भाजी निवडताना तो ऐकत असतो.

तिला आनंद व्हायला हवा होता. गुण बघायला अडीच आठवडे उरले होते. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि अक्रोडाची ती मूठ आपोआप तिच्या पंजात येणार होती. रात्री अंथरुणावर तिची बोटं तिच्या नकळत त्या मुठीभोवती वळायची. दिव्यापाशी मात्र धाकटीचं नाव येण्याआधीच ती हात जोडून उठायची. देवाला काय सांगायचं? त्याला तर दुकानातलं दिसलंच होतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी कारखान्यात आली. टॉवेलात गुंडाळलेली मूठ, पिस्तुलापासून सोडवलेली, तिनं बाकावर ठेवली आणि रोग्यांच्या स्टुलावर बसली.

"कोच म्हणाले, क्लबची हरकत नाही," ती म्हणाली. "मूठ घासून घेतली तर चालते म्हणे. नियमात बसतं. ताई, मला आधी का नाही सुचलं? घरात एवढी कारागीर असून मी चष्म्याचे नंबर काढत फिरतेय."

थोरलीनं डबा बंद केला. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआपच निघालं, "टोचतंय तिथं बोट ठेव."

धाकटीनं मूठ धरली आणि डाव्या हाताचं बोट ठेवलं. अंगठ्याच्या मुळाशी. मग तळव्याच्या कडेला. मग चापाकडच्या बाजूला. बरोबर तिथंच, जिथं थोरलीच्या हातात ते लाकूड भिडून बसलं होतं. ते घासलं की ही मूठ थोरलीच्या हाताला पुन्हा कधी बसणार नव्हती. घासलेलं लाकूड परत येत नाही.

"दुकानातच मोठी वाटली होती मला," धाकटी म्हणाली. "पण तुम्ही ते डोळे मिटून उचललंत ना, तेव्हा मी आरशात तुमच्याकडे बघत होते. तुमचा चेहरा असा झाला होता, ताई, मी बारा वर्षांत बघितला नव्हता. म्हटलं, ताईंना एवढं बरं वाटतंय तर वस्तू चांगलीच असणार. मग मी त्या पहिल्याकडे परत बघितलंच नाही."

बाहेर कुणीतरी नवा पाय घालून कठड्याला धरून चालत होतं. एक पाऊल जड, एक हलकं. थोरलीनं ते थोडा वेळ ऐकलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुझ्या हाताला नाही बसणार, हे मला तिथंच कळलं होतं. माझ्या हाताला बसत होतं. म्हणून घ्यायला लावलं."

धाकटीला गप्प बसलेलं थोरलीनं फक्त रेंजवर बघितलं होतं, हात वर गेल्यावर. तसाच तो चेहरा होता. राग नाही, हसू नाही, फक्त समोर बघणं. थोरलीला वाटलं, उठून जाईल. जावं. कानस बाकावर तिच्या उजव्या हाताशी पडली होती आणि तिला ती उचलता येत नव्हती.

"अडीच आठवडे आहेत," शेवटी धाकटी म्हणाली. आवाज साधाच, लॅबमध्ये 'मूठ आवळा' म्हणते तसा. "होईल तेवढ्यात?"

"दोन दिवसांत होईल."

"मग घासा." तिनं मूठ थोरलीकडे सरकवली, पण वरचा हात लगेच काढला नाही. "मी रोज सुट्टीत येईन. माझ्याच हातात देऊन बघत जा. फक्त एक करा, ताई. मधे एकदासुद्धा स्वतःच्या हातात धरून बघू नका."