शेवटचा हात कधी लागला?

माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची चूक ज्यांनी जन्मात एकदाही केलेली नाही असे एकच गृहस्थ मी आजवर पाहिले आहेत, आणि नेमके तेच माझे साडू निघाले. लग्न करताना मुलीकडचे सगळे नातेवाईक आधी नीट बघून घ्यावेत, असं जाणती माणसं सांगतात. पण माझं लग्न आधी झालं आणि साडू मागाहून आले, त्यामुळे बघून घ्यायची संधी मला मिळाली नाही. त्यांना मात्र मिळाली. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "पाव्हणं, तुमी नोकरीला कवा लागला?" मी शाळेत मास्तर म्हणून लागलो ते साल सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आसंल. पर त्ये तुमी सांगताय."

साडूंचं भूमला एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते झेरॉक्सचं दुकान वाटतं. आत गेल्यावरच ते सत्याचं शेवटचं ठाणं असल्याचं कळतं. तालुक्यातल्या चार-सहा संस्थांच्या वेबसाइटी साडूंनी बनवल्या आहेत. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर मुक्कामाला असते त्याला सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर कुठल्या देशात, कुठल्या खोलीत ठेवला आहे, हे खुद्द साडूंनाही ठाऊक नाही. तरी त्याच्याशी ते रोज पीएचपी नावाच्या भाषेत बोलतात, आणि माझी मेहुणी सांगते की बायकोशी बोलतात त्याच्या दुप्पट बोलतात. सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती, आणि उदबत्तीनंतर त्यांची चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला हुकूमनामा. ही स्क्रिप्ट सर्व्हरवरच्या एकेका फाइलीला उभं करून तीन प्रश्न विचारते: तू आहेस का, किती मोठी आहेस, आणि तुला शेवटचा हात कधी लागला. आत काय लिहिलंय ते विचारायचंच नाही. "आत काय, कुनी बी काय बी लिवतंय," साडू म्हणतात. "भाईरचं बगायचं. भाईरचं खोटं न्हाय बोलत." यादी खालपर्यंत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला साधी झेरॉक्स मिळत नाही. दाखल्याला मुदत असो, पोरीचं लग्न असो, घरात आग असो.

हेच तीन प्रश्न हळूहळू माणसांनाही लागू झाले. एका पुढाऱ्याने तालुक्याचा विकास आराखडा म्हणून एक फाइल वेबसाइटवर टाकायला दिली. साडूंनी ती उघडलीसुद्धा नाही. आकार विचारला, तर उत्तर आलं शून्य. साडूंनी फोन करून अत्यंत आदराने सांगितलं की साहेब, आराखडा आहे, पण त्यात काही नाही. पुढाऱ्याला वाटलं की हा माणूस विरोधी गटात गेला. एका शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांनी भर सभेत जाहीर केलं की यंदाचा वार्षिक अहवाल आपण स्वतः आठ दिवस बसून नव्याने लिहिला. साडू मागच्या खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "अध्यक्षसाहेब, फाइलीला शेवटचा हात गेल्या साली लागलाय." सभेत हशा झाला. अध्यक्ष हसले नाहीत. साडूही हसले नाहीत, कारण यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

घरातही हाच कारभार. फाइल कुणी वाचायची आणि कुणी बदलायची, याची परवानगी सर्व्हरवर तीन आकड्यांत लिहिलेली असते. साडूंनी एकदा मेहुणीच्या लोणच्याच्या बरणीवर '६४४' अशी चिठ्ठी डकवली. अर्थ असा की बघावं सर्वांनी, हात घालावा फक्त मालकाने. मेहुणीने चिठ्ठी वाचली, मालक कोण हे एका वाक्यात स्पष्ट केलं, आणि त्या दिवशी साडूंना बरणी नुसती बघायला मिळाली. दुसरं एक प्रकरण असं. पीएचपी एकदा मिळालेलं उत्तर लक्षात ठेवते आणि पुन्हा विचारलं की तेच शिळं उत्तर परत वाढते. तिला 'मागचं विसर, नव्याने बघ' असा वेगळा हुकूम द्यावा लागतो. साडूंनी हे मोठ्या कौतुकाने जेवताना समजावून सांगितलं. मेहुणी भाकरी थापता थापता म्हणाली, "माज्यासाटी न्हाय बरं का आसला हुकूम. साखरपुड्यात तुमी काय बोलला हुता त्ये समदं हाय माज्या ध्येनात."

साडूंना आणखी एक रोग आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. त्यांना वाकडं बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, हॉटेलातली बशी, दुसऱ्याच्या शर्टाची कॉलर. कलली की साडूंचा हात गेलाच. एकदा लग्नात अक्षता पडत असताना त्यांनी पुढे होऊन नवरदेवाचं बाशिंग सरळ केलं होतं. तो नवरदेव त्यांच्या ओळखीचाही नव्हता.

गेल्या वर्षी त्याच शिक्षण संस्थेत, म्हणजे आठ दिवस बसून अहवाल लिहिणाऱ्या अध्यक्षांच्या संस्थेत, ग्रंथालयात मदतनिसाची एक जागा निघाली. अर्ज भरून, सही करून, त्याचा स्कॅन वेबसाइटवर चढवायचा. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. उशिरा आलेले अर्ज बाजूला काढायचं काम अर्थात साडूंच्या स्क्रिप्टकडे होतं. तिने सगळ्या फाइलींना तिसरा प्रश्न विचारला आणि एकच अर्ज मुदतीबाहेरचा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ पस्तीसचा. साडूंनी यादी लावून टाकली आणि शांत झोपले.

दहा-बारा दिवसांनी बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. तेवढ्यात एक बाई आली. तिशी ओलांडलेली, पायांवर धूळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ती माकणीहून दोन एसट्या बदलून आली होती. वडील मेंढरं राखतात, ती शेतात जाते, आणि शेतात जाता जाताच तिने ग्रंथालयाचा कोर्स पुरा केला होता. वयाच्या अटीत तिचं हे शेवटचं वर्ष होतं. मुदतीबाहेरचा म्हणून काढलेला अर्ज तिचाच होता, आणि ती शांतपणे, आवाज न चढवता सांगत होती की अर्ज मुदतीच्या दिवशी दुपारी तीनला गेला. जवळच्या बाजारगावातल्या दुकानात पडद्यावर 'अर्ज मिळाला' अशी अक्षरं तिने स्वतः वाचली होती.

साडूंनी आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं. "ताई, तुमी सांगताय त्ये आसंल. पर फाइल खोटं बोलत न्हाय."

"आन् मी बोलतीया?"

"तसं न्हाय. मान्सं इसरत्यात."

"तीनची येष्टी चुकली म्हनून मी घरला चालत गेले, साहेब. पायाला फोड आलं. त्ये कसं इसरंल?"

साडूंच्या तीन प्रश्नांत फोडांचा समावेश नव्हता. पुरावा दाखवावा म्हणून त्यांनी फाइल पडद्यावर उघडली. बाई वाकली आणि तिने सही ओळखली.

"ह्यो माजाच हाय," ती म्हणाली. "पर म्या तर आडवा धाडला हुता. दुकानदारानं घाईत आडवाच काडला. मी म्हनलं, आसू द्या. ह्यो सरळ कुनी केला?"

मी साडूंकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला शून्य बाइट दिसले. मुदत संपल्यानंतरच्या सकाळी उदबत्ती लावून त्यांनी आलेले अर्ज चाळले होते; त्यात एकच आडवा होता. हात शिवशिवला. त्यांनी तो सरळ केला, जुन्याच्या जागी ठेवला, आणि एक सत्कृत्य केल्याच्या आनंदात चहा मागवला. फाइलीला शेवटचा हात लागला सकाळी नऊ पस्तीसला, आणि तो हात बाईचा नव्हता. आता मूळ वेळ पुसली गेली होती. सर्व्हर येणाऱ्या-जाणाऱ्यांची एक नोंदवही ठेवतो, ती तरी बघावी, तर ती आठवड्याने आपोआप कोरी होते. म्हणजे बाई खरं बोलत होती हे सांगणारी जगात एकच गोष्ट उरली होती: साडूंची आठवण. माणसाची.

ते उठले. गिऱ्हाईक बसलेलं असताना दुकानाचं शटर ओढलं, बाईला म्हणाले, "चला ताई," आणि मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी बी." अशा प्रसंगाला मला न बोलावता गेले असते तर मी त्यांच्याशी कायमचं नातं तोडलं असतं.

अध्यक्ष ऑफिसात होते. बाई दाराशी थांबली, मी खुर्ची पकडली. साडूंनी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी फक्त उसाच्या पहिल्या रसाला तोंड लावलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बघितलंय.

"पर तुमीच म्हनला हुता," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "मान्साचं सोडा, फाइलीला इचारा. मंग आता फाइल काय म्हनती?"

"फाइल म्हनती, नऊ पस्तीस."

"मंग झालं की."

"त्ये नऊ पस्तीस म्हंजी मी हाय, साहेब." साडू म्हणाले. "फाइल खरंच बोलती. म्याच तिला चुकीचं इचारलं. आली कवा, ह्ये इचारायचं हुतं. म्या इचारलं, शेवटचा हात कवा लागला. हात माजा हुता."

"ह्याला पुरावा?"

साडूंनी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं. तो जरा तिरका होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"न्हाय," ते म्हणाले. "मी सांगतोय."

अध्यक्षांना वचपा काढायची ही सोन्यासारखी वेळ होती. ते नुसते 'नियम म्हणजे नियम' म्हणाले असते तरी सगळा तालुका त्यांच्या बाजूने उभा राहिला असता. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिवून द्या. हातानं. कॉम्प्युटरवर नगं." साडूंनी लिहिलं. कीबोर्डवर वारं प्यायल्यासारखा धावणारा माणूस, पण पेनाने दहा ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला, आणि त्या ओळी उजवीकडे चढत गेल्या होत्या. अध्यक्षांनी वाचलं, खाली स्वतः एक ओळ लिहिली, 'यांच्या शब्दावर अर्ज मुदतीत धरला', आणि सही ठोकली. मग दाराकडे बघून म्हणाले, "पोरी, मुलाखतीला ये." आणि साडूंकडे वळून, "आन् इंजिनिअरसाहेब, अहवाल म्या आठ दिस बसून वहीत लिवला हुता. टाइप करनाऱ्यानं जुनीच फाइल धाडली तुमाला. वही हाय घरी. कवातरी या बगायला."

साडू दुसऱ्याच दिवशी बघायला गेले. वही होती. आठ दिवसांची होती. अहवाल मात्र वाईटच होता, असं ते प्रामाणिकपणे सांगून आले.

बाईचं पुढे काय झालं ते सांगतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. मुलाखतीत ती दुसरी आली. पहिल्या आलेल्याला दीड महिन्यात पुण्याला नोकरी लागली, आणि आता त्या ग्रंथालयात पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांना माकणीची ती बाई विचारते, "उशीर का झाला?" आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेते.

साडू मात्र बदलले. म्हणजे उदबत्ती आहे, स्क्रिप्ट आहे, तीन प्रश्न आहेत. फक्त आडवं काही आलं की ते आता सरळ करत नाहीत. स्वतः आडवे होतात. मान खांद्यावर टाकून, दोन्ही हात मांडीखाली दाबून वाचतात. मेहुणी म्हणते, रात्रीचं जेवणसुद्धा तिरकं चाललंय.

परवा सकाळी असाच गेलो होतो. ते यादी वाचत होते. मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून पहिल्यांदाच अगदी तळापर्यंत वाचली. शेवटची ओळ कुठल्याच संस्थेची नव्हती. आहे का: आहे. आकार: जेमतेम. शेवटचा हात: सहा वर्षांपूर्वीचा, सकाळी अकरा चाळीस. मी विचारलं. साडू म्हणाले, "आण्णांची हाय." आण्णा म्हणजे त्यांचे वडील. निवृत्त झाल्यावर ते रोज दुकानात येऊन दोन बोटांनी टाइप करायला शिकत होते. वाशीला त्यांचा एक जुना मित्र होता. त्याला पत्र लिहीत होते, मध्येच चहा प्यायला म्हणून उठले, आणि पुन्हा खुर्चीवर बसले नाहीत.

साडूंनी फाइल उघडली. पुऱ्या अशा चारच ओळी होत्या. नमस्कार, इकडे सगळे ठीक आहे, तूर बरी आहे, नातू आता शाळेत जातो. शब्दांत जागा कुठे दोन, कुठे एकही नाही. पाचव्या ओळीत नुसतं 'बाकी' लिहिलेलं होतं, आणि पुढे काही नव्हतं. दुसऱ्या ओळीत 'ठीक' लिहिताना एक भलतंच अक्षर मध्ये घुसलं होतं, आणि माझा मास्तरकीतला हात सवयीने माउसकडे गेला. साडूंनी माझं मनगट धरलं. रागाने नाही.

"वाचा," ते म्हणाले. "हात लावू नका."

मी दोन्ही हात खिशात घातले आणि तसाच उभा राहून ते पत्र पुन्हा एकदा वरपासून वाचलं.