उजव्या हाताचं कडं

ह्यांना डायलिसिसला औशाहून लातूरला नेते, तिथल्या बाकावर त्या मावशी भेटायच्या. मांडीवर लाल-पिवळी लोकर, हातात क्रोशाची सुई. टाके ओठांतल्या ओठांत मोजायच्या. मध्येच कुणी बोललं तर नुसती मान हलवायच्या, मोजणं थांबायचं नाही.

त्यांच्या मालकांचा डावा हात डायलिसिसच्या सुयांचा. त्याला बीपीचा पट्टा चालत नाही. एकदा नव्या नर्सने तोच हात धरला. तेव्हापासून मालकांच्या उजव्या मनगटात मावशींनी विणलेलं रंगीत कडं आलं. “कडं हाय, त्योच हात धरायचा,” असं त्या येईल त्या नर्सला बजावायच्या.

मध्ये महिनाभर दोघं दिसले नाहीत. काल मावशी एकट्याच आल्या. मांडीवर मालकांचं कडं होतं. एकेक टाका उसवून त्या लोकर बोटाला गुंडाळत होत्या.

“मालक गेले, ताई,” त्या म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे वळल्या. “भाऊ, हात द्या. रोज नव्या नर्सा यायल्यात.”

मला ती लोकर ह्यांच्या हातात नको होती. पण ह्यांनी उजवा हात पुढे केला, आणि मावशींचे ओठ हलू लागले.