तिसऱ्या कप्तानाचे खांदे

माणूस दारातून आत येईपर्यंत मास्तरांनी त्याचं माप घेतलेलं असे. टेप गळ्यात असायची, पण ती गवयाच्या उपरण्यासारखी, शोभेला. "छाती अडतीस, डावा खांदा पाव इंच खाली. पिशवी त्याच हातात धरता ना?" असं ते म्हणत, आणि गिऱ्हाईक ओशाळून पिशवी दुसऱ्या हातात घेई. चाळीस वर्षांत हा डोळा एकदाही चुकला नाही, असं मास्तर सांगत. चुकला असेल तेव्हा ते कपडे कुणीतरी निमूट घातले असणार.

दुकान लांबट होतं, एका खिडकीचं. खिडकीखाली कापड बेतायचं टेबल आणि त्याच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा. मास्तरांचे गुरू बुटके होते, टेबल त्यांच्या कमरेच्या बेताचं. ते गेले, दुकान या उंच माणसाच्या हाती आलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने विटा आणून घातल्या. जुनी गिऱ्हाइकं तेव्हा म्हणाली होती, "हा ताडमाड काय शिवणार, बुजगावण्यांचे झगे?" वर्षभर ती पायरी चढली नाहीत. मग चढली. मास्तर हे सारं विसरून गेले होते. ज्याला पुढे दुसऱ्यांना हसायचं असतं, त्याला आपलं हसू झालेलं विसरावंच लागतं.

दर रविवारी संध्याकाळी पाचला दुकानातली यंत्रं थांबत आणि भिंतीवरचा टीव्ही लागे. बावीस वर्षं चाललेली एक मालिका होती. ताऱ्यांमधून हिंडणारं यान, त्यावरचा कप्तान आणि कप्तानाचा निळा कोट. पहिला कप्तान अकरा वर्षं टिकला, दुसरा अकरा. कोट एकच. पहिल्या कप्तानाने मरता मरता तो दुसऱ्याच्या अंगावर चढवला, तेव्हा दुकानात तिघांचे डोळे भरून आले होते. मास्तरांनी उंच दुसऱ्या कप्तानाचं माप पडद्यावरूनच नजरेने घेतलं आणि तसाच कोट शिवून कोपऱ्यातल्या लाकडी पुतळ्याला घातला. त्यावर धूळ बसू देत नसत. घरच्या माणसांवर बसली तरी चाले.

बघायला येणाऱ्यांत सर्वांत मोठं प्रस्थ म्हणजे एक लहानखुरे गृहस्थ, सगळे त्यांना विश्वकोश म्हणत. आयुष्यभर वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारले, त्यातलं एकही वाचलं नाही. पण मालिकेच्या कुठल्या भागात यानाचं कुठलं दार अडकलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. दुसरा बेकरीवाला. त्याला स्वतःचं मत नव्हतं, म्हणून तो विश्वकोशांचं मत मोठ्या आवाजात सांगे.

तर दुसऱ्या कप्तानाने मालिका सोडली आणि तिसरा नेमला गेला. बुटका, गोल चेहऱ्याचा, आजवर दंतमंजनाच्या जाहिरातीत हसणारा. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला आणि दुकानात सुतक पडलं.

"हा यान चालवणार? ब्रशने?" बेकरीवाला म्हणाला.

"मालिका मेली," विश्वकोश म्हणाले. "आपण फक्त पोचवायला जायचं."

अजून एक भागही कुणी पाहिलेला नव्हता. पण नावडतीचं मीठ अळणी असतं, ते चाखून बघावं लागत नाही. विश्वकोशांनी निर्मात्यांना द्यायचं पत्र दोन दिवसांत आणलं. कसं लिहिलं एवढ्या लवकर? अकरा वर्षांपूर्वी दुसरा कप्तान आला तेव्हाचंच होतं ते. तेव्हा हीच मंडळी म्हणाली होती की मालिका मेली. आता त्याच पत्रात नाव तेवढं बदललं होतं. 'उंटासारखी मान' हे शब्द खोडायचे राहिले होते, त्यामुळे या बुटक्या माणसावर उंटाच्या मानेचा आरोप होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. सही करताना वाचतो कोण?

"मास्तर, तुमची सही शेवटी, जाणकार म्हणून," विश्वकोश म्हणाले. "त्याला कप्तानाचे खांदे नाहीत, हे तुम्ही लिहून द्यायचं."

"रविवारी बघतो, मग लिहितो. मी डोळ्यांनी मोजल्याशिवाय लिहीत नाही."

दुकानात आणखी एक माणूस होतं, पण ते बघायच्या मंडळीत मोजलं जात नसे. मास्तरांची सून. नवरा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. दोन वर्षांपूर्वी मास्तरांचा हात थरथरू लागला, खडूची रेघ नदीसारखी वळू लागली, तेव्हापासून कापड तीच बेतत होती. "मी सांगतो, ती कापते," एवढंच मास्तर लोकांना सांगत. काखेची गोलाई ती अशी काढी की बाही अंगावर उगवल्यासारखी वाटे. फक्त लांब कोटाची पाठ तिरकी जाई. मागच्याच आठवड्यात वकिलांनी काळा कोट परत आणून टाकला होता.

"मामंजी, टेबल मला उंच पडतं," ती एकदा म्हणाली होती. "विटा काढल्या तर?"

"नाचता येईना अंगण वाकडं," मास्तर म्हणाले होते, आणि विषय मिटला होता.

पण मिटला नव्हता. कपड्यांच्या कारखान्यात बेतणीचं काम तिला मिळत होतं. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं. तिने सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, "जा की. तुझ्यावाचून दुकान अडलंय थोडंच!" आणि त्या दिवशी काजं करताना सुई तीनदा बोटात शिरली. ती गेली तर कुलूप लावावं लागणार, हे त्यांच्या हाताला कळत होतं. जिभेला कळवायची त्याची हिंमत नव्हती.

रविवार आला. मंडळी प्रेताला जमल्यासारखी जमली. सून खिडकीशी कच्चे टाके घालत बसली होती. पाच वाजले, यान अंधारातून आलं, दार सरकलं आणि निळ्या कोटात तिसरा कप्तान उभा राहिला.

"अरेरे!" विश्वकोशांनी कपाळाला हात लावला.

"लग्नातला वाजंत्री!" बेकरीवाला.

मास्तर खुर्चीवरून उठले, पडद्याजवळ गेले, एक डोळा मिटला.  "खांदे नाहीत," ते म्हणाले. "दोन-दोन बोटं कमी. छातीत पोकळ, बाहीत बुडालेला. हा माणूसच तोकडा बेतलाय. आणा पत्र."

"मामंजी," सून मान वर न करता म्हणाली, "माणूस बरा आहे. कोट त्याचा नाही."

"काय?"

"शिवण बघा ना. हाडावरून खाली उतरलीय. खिसा मांडीवर आलाय. दुसऱ्याचा कोट तसाच घातलाय त्याला, उसवून बेतलासुद्धा नाही."

"सूनबाई, तुम्ही टाके घाला," विश्वकोश हसले. "बावीस वर्षांत एक भाग तरी नीट पाहिलात का?"

"नाही. कोट पाहिलेत." तिने सुई रिळात खोचली आणि उठली. पुतळ्यावरचा निळा कोट उतरवला. मास्तरांच्या तोंडून "अगं" एवढंच निघालं. "काका, हात करा इकडे."

विश्वकोशांना नाही म्हणवेना. अकरा वर्षं या कोटाकडे आशेने पाहिलेलं! त्यांनी हात घातले आणि दिसेनासे झाले. बाह्या बोटांच्या पुढे, खांदे दंडावर, कॉलर कानाशी. तरीही छाती फुगवून ते यान चालवायच्या पवित्र्यात उभे राहिले.

बेकरीवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मत सुचलं. "वाळत घातलेल्या गोधडीत मांजर!" तो ओरडला आणि हसता हसता बाकावरून घसरला.

"आता सांगा मामंजी," सून म्हणाली, "काकांना खांदे नाहीत, की कोट दुसऱ्याचा आहे?"

मास्तरांनी विश्वकोशांकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. चाळीस वर्षांचा डोळा, आणि त्याने माणसाऐवजी कोट मोजला होता. हीच चूक नवशिक्या पोराने केली असती तर त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली असती!

"हा अपमान आहे," विश्वकोश बाहीतून म्हणाले. कोट काढायला दोघांची मदत लागली. पत्र टेबलावर टाकून ते तणतणत निघून गेले, आणि बेकरीवाला हसू दाबत मागोमाग.

टीव्ही चालूच होता. सून काहीच झालं नाही अशी टेबलाशी गेली आणि लांब कापड पसरून रेघ ओढू लागली. मास्तर बघत राहिले. कापडाचा जवळचा भाग संपला तशी तिच्या टाचा वर झाल्या. मग पाऊल चवड्यावर, मग पोट टेबलाच्या कडेवर. आणि पलीकडच्या टोकाला पोचता पोचता रेघ केसभर डावीकडे कलली. वकिलांच्या कोटाच्या पाठीसारखी.

दोन वर्षं ती अशी बेतत होती. अंगण वाकडं होतं, आणि ते मास्तरांनीच केलं होतं.

"बाजूला हो," ते म्हणाले. "आणि ते टोक धर."

"कशाला?"

"उचल म्हणतो ना!"

तिने उचललं. मास्तर गुडघ्यांवर बसले, गुडघे कुरकुरले, आणि एकेक करून आठ विटा निघाल्या. चाळीस वर्षांत त्यांच्याखालची फरशी पांढरी राहिली होती. टेबल खाली बसलं. ती समोर उभी राहिली तर कडा बरोबर कमरेशी आली. तिने खडू घेतला, आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यावरून बगळा जावा तशी सरळ गेली.

"कारखान्यात टेबलं किती उंच असतात?" मास्तरांनी विचारलं.

"बघितली नाहीत अजून."

"मग कशाला बघतेस?" त्यांनी विटा दाराबाहेर रचल्या. ती पाठमोरी होती, म्हणून पुढचं बोलता आलं. "पाटीवर तुझं नाव घालू. खाली."

"वर," ती म्हणाली.

मास्तरांनी हातावरची विटांची धूळ झटकली. "बरं. वर."

सोमवारी आठला ती वकिलांचा कोट उसवत टेबलाशी उभी होती. विश्वकोश पत्र न्यायला आले, दारातूनच, रुसलेल्या व्याह्यासारखे. मास्तरांनी पत्र दिलं. खांद्यांबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं आणि उंटाची मान खोडली होती.

"म्हणजे तुम्हाला तो पसंत पडला?" विश्वकोश किंचाळले.

"छे!" मास्तर म्हणाले. "नट भिकारच आहे, अक्षरं चावून बोलतो. बाकीचा मजकूर राहू द्या, खाली सही केलीय." आणि विटांवाचून बुटक्या झालेल्या टेबलावर वाकून, कंबर धरत, ते सुनेला म्हणाले, "डावी बाजू एकदा मोज."

"मोजलीय," सून म्हणाली.