गीझर चालू आहे

संजना हल्ली नळाला आधी हाताची मागची बाजू लावते. बाथरूमचं बटण लाटण्याने दाबते. रबरी चप्पल घातल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. आई आंघोळीला गेली की दाराबाहेर उभी राहते. "आई, काय करतेस? ओ दे ना." पाणी गॅसवर तापतं. बादली ती स्वतः उचलून नेते.

इंदिरानगरमधला हा फ्लॅट तिने आईसाठीच घेतला. आणि त्यात ती पाहुण्यासारखी वावरते.

ही माझी तीच मैत्रीण का, असं मला वाटतं. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी. टोमॅटोसुद्धा उलटून बघून घेणारी. ताबा घ्यायला आम्ही दोघी गेलो, तेव्हा तिने सगळे पंखे लावून बघितले, नळ सोडले, खिडक्यांच्या कड्या ओढल्या. बाथरूमच्या दारात थांबली. घर विकणारे खंडेराव काका मागून म्हणाले, "गीझर चालू आहे गं पोरी. चल, चहा निवतोय."

ती वळली. आम्ही चहा घेतला.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी ती दारावर पाटी लावत होती. 'दोंदे'. एक स्क्रू बसला, तेवढ्यात आतून विमलमावशी, तिची आई, ओरडल्या.

"पाणी चावलं गं मला!"

संजना स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच धावली. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शॉक बसला होता, पण वाचल्या. त्या दिवसापासून त्यांची पिशवी भरलेली आहे. "मी आपली सिन्नरला जाते. इथं नळाला हात लावायचं भ्या वाटतं."

वाल्मीक इलेक्ट्रिशियनने गीझर उघडला.

"ताई, अर्थिंगची वायर तुटली नाहीये. कापलीये. वर टेप मारलाय."

"कशाला कापतील?"

"आतून करंट उतरतोय. सारखा ट्रिप होऊन बंद पडत असेल. कापली की ट्रिप होणं बंद, पण करंट पाण्यात."

म्हणजे काकांना माहीत होतं. संजनाने फोन लावला. मी शेजारी बसले होते.

"पाणी तापत नाही का?" काका म्हणाले.

"तापतं, पण..."

"मग? चालू आहे म्हणालो होतो, चालूच आहे. बाकीचं तुम्ही ताबा घेताना बघायचं, मॅडम."

चहाच्या वेळी ती पोरी होती. आता मॅडम.

मावशींनी ऐकलं. "गीझर कसला चालू? माणूसच चालू निघाला." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

माझा मामा वकील आहे. तो म्हणाला, माहीत असलेला दोष लपवला तर विकणारा सुटत नाही. टेप तसाच राहू द्या, फोटो काढा, नोटीस पाठवू. फोटो काढले. पण संजना नुसतं "थांब" म्हणत राहिली. शेवटी मी चिडले.

"कसली वाट बघतेस? आणि सगळं तपासलंस, मग गीझरच कसा राहिला?"

तिने फोन उपडा ठेवला.

"आपण किती घरं बघितली, आठवतं? आडनाव सांगितलं की घर दुसऱ्याला दिलेलं असायचं. या माणसाने घर दाखवताना आडनाव विचारलं नाही. रोजच्या कपात चहा दिला. त्यांच्यासमोर गीझर लावून बघायचा? तुमच्यावर भरवसा नाही, असं सांगायचं?"

ती सगळी घरं बघताना मी तिच्याबरोबर होते. मला वाटायचं, ती खरंच दुसऱ्याला गेली असतील.

आतून मावशींनी विचारलं, "सिन्नरची गाडी कुठून मिळती गं?"

संजनाने मामाला फोन केला. "पाठवा," एवढंच म्हणाली.

निघताना मी दारात थांबले. पाटी एका स्क्रूवर तिरकी लोंबत होती. मी सरळ करायला गेले. तिने माझा हात धरला.

"राहू दे. आईने पिशवी उपसली की लावीन."

दुसरा स्क्रू अजून खिडकीत पडून आहे.