सोबत जोडलेली यादी

तुमसर रोड स्टेशनावर बाबांनी माझी पत्र्याची पेटी गाडीत चढवली आणि खिडकीच्या गजांतून म्हणाले, "सरकारी नौकरी हाये. कागदात कसर ठेवू नोको. कोनं बोट दाखवलं नाही पायजे." गाडी हलली. आई फलाट संपेपर्यंत चालत आली.

भिलाईच्या कारखान्यात मी हजेरी ऑफिसचा कारकून झालो, सेक्टर २ मध्ये क्वार्टर मिळालं. बाबांचं ते सांगणं मी फार नीट पाळलं. गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांना ते पाळून काय झालं, तेच आज सांगायचं आहे.

बांगलादेशच्या लढाईनंतरची वर्षं. रायपूरकडच्या निर्वासित छावणीतून काही बंगाली कुटुंबं परवानगी न घेता निघून कारखान्याजवळच्या खुर्सीपार वस्तीत आली होती. ठेकेदाराकडे राबत, आणि कुणाचा हात मोडला तर तो त्याला सरळ हाकलून देई. छावणी सोडून आलेला माणूस तक्रार कुठे करणार? आम्ही काही कामगारांनी समिती काढली. मागणी एवढीच: त्यांना इथेच राहू द्या, रेशनकार्ड द्या. लिहिता येतं म्हणून सचिव मी.

त्यांच्यातला निताई मला झोपडीझोपडीत घेऊन गेला. "नाम समिती के पास रहेगा, बाहर नहीं जाएगा," तो प्रत्येकाला सांगे, आणि मी मान डोलवी. एका म्हातारीला माझा भरवसा वाटेना. "ये बाबू कौन है?"

निताई हसला. "अपना ही आदमी है, मौसी. ये भी घर छोड़के आया है."

एकोणीस घरं. नाव, वडिलांचं नाव, छावणीतला नंबर.

अर्जात फक्त 'एकोणीस कुटुंबे' एवढंच होतं. त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि तो जिल्हा कचेरीला पाठवायला मी एकटा बसलो. आमच्या ऑफिसात सोबतचे कागद नसले की अर्ज 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत येई. हातानं खाली लिहिलं, 'सोबत: यादी'. इथवर सवय म्हणता येईल. पण टाचणी लावताना निताईचे शब्द मला आठवले होते. मी थांबलोही. मग वाटलं, अर्ज परत आला तर लोक म्हणतील, सचिवाला साधा अर्ज जमत नाही. मी टाचणी लावली.

आठवड्याभरात, भर सकाळी, त्यांना छावणीत परत न्यायला ट्रक आले. शिपाई नावं वाचत होता, माझ्याच क्रमानं. लोक निताईकडे बघू लागले. नावं त्यानंच मागितली होती. ती म्हातारी त्याच्या पायाशी थुंकली.

समितीतले शामरावभाऊ माझ्याजवळ आले. "कावून रे, यादी कोनं देली? तुयापाशीच होती ना?"

"माह्यापाशीच हाये," मी म्हणालो, आणि खिशातली यादीची कार्बन प्रत काढून दाखवली.

ट्रकमध्ये निताईजवळ कोणी बसलं नाही. त्याची बायको मांडीवर हंडा घेऊन दुसरीकडे पाहत होती. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्याला कळलं होतं. तो का बोलला नाही, हे मला आजही माहीत नाही.

आता आईबाबा नाहीत. भिलाईजवळच बोरसीत माझं घर आहे, कागद सगळे पुरे आहेत. मागच्या महिन्यात खुर्सीपारला सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला थांबलो. बोलता बोलता कळलं, दुकानदाराचा बाप त्याच ट्रकांपैकी एकात होता, पुढे पुन्हा इकडे आलेला. ट्यूब घासता घासता दुकानदार म्हणाला, "हमारे यहाँ कोई निताई था. उसी ने सबका नाम दे दिया था." मी पंक्चरचे पैसे दिले आणि सायकल घेऊन निघालो.

गाव कोणतं विचारलं की मी अजून तुमसर सांगतो. पण घर म्हटलं की मला ती झोपडी आठवते, जिथे एका माणसानं मला आपला म्हणून आत नेलं होतं. त्याचं नाव अजून तिथे खराब आहे.

हेच सगळं मी हिंदीतही लिहून काढलंय. सकाळी त्या दुकानात नेऊन देईन. खाली माझं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, आणि बोरसीचा पूर्ण पत्ता.