माझ्यात राग कमी निघाला

सोलापूरच्या एका कापड गिरणीत मी तेव्हा शिकाऊ अधिकारी होतो. मॅनेजरसाहेब मुंबईहून कसलंसं शिबिर करून आले आणि आम्हा पोरांचा विकास करायचं त्यांनी मनावर घेतलं. एकेकाला केबिनमध्ये बोलावून ते त्याची उणीव सांगत आणि ती कधीपर्यंत भरून काढायची तेही ठरवून देत. एकाला इंग्रजी सुधारायचं होतं, एकाला पोट कमी करायचं होतं. माझ्यात राग कमी निघाला.

"तुम्ही कामगारांना मामा, काका म्हणता," साहेब म्हणाले. "अधिकाऱ्याला झापता आलं पाहिजे. दिवाळीच्या आत मला बघायचंय. मग कायम करायचं की नाही ते ठरवू."

त्या मामांपैकी एक माझे सख्खे मामा होते. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्यांच्याकडे आली, आणि माग चालवून त्यांनी मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. मी कायम व्हावं, एवढीच त्यांची आता इच्छा होती. दुसऱ्या कुणाला झापलं असतं तर त्यानं तिथंच माझी शोभा केली असती. म्हणून मी मामांनाच विचारलं. साहेब आले की मी रागावल्यासारखं करीन, तुम्ही फक्त मान खाली घाला.

"घालतो की," मामा म्हणाले. "त्यात काय."

मागांच्या खात्यात असा खडखडाट असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथं सगळे एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. साहेबांना ती विद्या येत नव्हती. ते दाराशी नाकाला रुमाल लावून उभे राहिले. मी मामांसमोर गेलो, डोळे वटारले, बोट नाचवलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मामा, जेवलात का? जेवलात का, मामा?" मामांनी ठरल्याप्रमाणे मान खाली घातली.

साहेब खूश झाले. संध्याकाळी थांबवून घेऊन त्यांनी मला कायम केल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षासाठी रागावर ताबा मिळवायचं ठरलं.

मी पेढे घेऊन घरी आलो. मामा पाळी संपवून केव्हाच आले होते. मी दिलेला पेढा त्यांनी न खाता हातातच धरला.

"दुपारी लई बोलत हुतास," ते म्हणाले. "मान खाली घातल्यावर तुजं तोंड कुटं दिसतंय? काय म्हणत हुतास रे?"

"जेवलात का, म्हणून विचारत होतो. तेच तेच."

"व्हय?" मामा म्हणाले. "मला वाटलं, सायबाच्या म्होरं खरंच काय बोललास."

दुपारपासून हा माणूस ते मनात घेऊन बसला होता.

"मग जेवलात का?" मी विचारलं.

"न्हाय. तुज्यासाठी थांबलो हुतो की."

मामीनं ताटं घेतली.