साहेबांच्या तोंडासमोर पाय

धाकट्या बहिणीच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापानं आवळली होती. दुष्काळाच्या त्या साली मी पारनेरला खडी फोडणाऱ्यांसाठी पत्रकं काढत होतो. ते काम टाकून बहिणीला पुण्याच्या इस्पितळात नेलं. दंडाच्या शिरेतून थेट हृदयात बारीक नळी घालून आतला दाब मोजायचा होता. आत घातलेली नळी सलाइननं धुताना कुणाकडून तरी तिची तोटी उघडी राहिली आणि हवा हृदयात गेली. बहीण काळीनिळी पडली. डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, डोकं खाली केलं, त्याच नळीतून पिचकारीनं फेसाळ रक्त ओढून काढलं. वॉर्डात आणून प्राणवायू लावला आणि खाटेच्या पायथ्याखाली विटा रचल्या.

"उद्यापर्यंत अशीच ठेवा," डॉक्टर म्हणाले. "राहिलेली हवा हृदयात अडकवून ठेवायचीय. सरळ केलंत तर फुप्फुसाकडे सुटेल."

संध्याकाळी चुलते आले, आमच्या तालुक्याच्या पुढाऱ्याला घेऊन. साहेब मीटिंगसाठी पुण्यात होते. मागं सफरचंदांची करंडी आणि फोटोवाला. पायथा दाराकडे होता, त्यामुळं दारातच बहिणीचे उंचावलेले तळवे साहेबांच्या तोंडासमोर आले.

"आरं, साहेबांम्होरं पोरीचे पाय? काढ त्या इटा!" चुलते माझ्यावर खेकसले.

"आबा, काढल्या तर जाईल ती."

"दोन मिन्टात कोन जातंय? फोटू झाला की लाव परत."

"राहू द्या हो, लेकरू आजारी आहे," साहेब उदारपणे म्हणाले. आणि दारातच वाट बघत उभे राहिले! ज्यांच्या स्वागताला दुष्काळातही रस्त्यावर पाणी शिंपडतात, त्यांना विटा हलायची खात्रीच होती.

चुलत्यांनी वाकून एक वीट उपसलीच. खाट कलंडली, बहिणीला ढास लागली. मी खांदा घालून खाट उचलून धरली आणि तोंडाला येईल ते बोललो. नर्सबाई धावत आल्या. वीट जाग्यावर बसवून साहेबांना म्हणाल्या, "भेटायचं तर उशाकडं या. पाय इथंच राहतील."

साहेबांनी व्हरांड्यातच फोटो काढून घेतला. करंडी त्यांच्या हातात, चुलते शेजारी.

नर्सबाई नाडी धरून बसल्या. तासाभरानं ढास थांबली, ओठांवर रंग आला. बहिणीनं डोळे उघडले.

"दादा, फोटूत मी आले का?"

"नाही. सफरचंदांच्या करंडीशेजारी आबा आले."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "आजारी तेच दिसतील."